अमेरिकेला न गेलेले जावईबुवा

आमच्या जावईबुवांना मी पहिल्या दिवशी पार चुकीचं जोखलं होतं. आता आठवलं तरी हसू येतं, म्हणून आधी तेच सांगून टाकते. माझी भाची, म्हणजे मीच लहानाची मोठी केलेली पोर, दातांची डॉक्टर आहे. एक दिवस दवाखान्यातून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, मी लग्न ठरवलंय. तो अमेरिकेतल्या राजकीय चळवळींचा इतिहास शिकवतो."

त्या अख्ख्या वाक्यातलं मी एकच काय ते उचललं. अमेरिका. पोर आता लांब जाणार म्हणून रात्रभर उशी भिजवली आणि सकाळी उठून सगळ्या इमारतीत सांगत सुटले. तळमजल्यावरच्या शिंपिणीने तर मला आतापासून इंग्रजी शिकायला सांगितलं. चाकांची एक चांगली मोठी बॅगही आणून ठेवली मी.

मग तो चहाला आला. स्वेटर कोपरावर विरलेला, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी, आणि खुर्चीत असा बसला की कोणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं.

मी लाडीगोडीने विचारलं, "तिकडे थंडी फार असेल ना हो?"

"फार," म्हणाला. "नदी गोठते. एका वर्षी बेकरीवाल्याचं कुत्रं बर्फात अडकलं होतं, तर सगळं गाव दोर घेऊन धावलं. ज्याने ते बाहेर काढलं ना, त्याच्याशी बेकरीवाल्याचं कोर्टात भांडण चालू होतं."

"अगंबाई. मग तुम्ही काय केलंत?"

"मी?"

"तुम्ही होतात ना तिथे?"

"छे हो. मी कधी अमेरिकेला गेलोच नाही. विमानात बसलेलो नाही अजून."

मी भाचीकडे बघितलं. भाची खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. पोर थापाड्याच्या हाती लागली, अशी माझी खात्रीच पटली. ज्याच्याकडून बॅग आणली होती त्या दुकानदाराने ती परत घ्यायला नकार दिला. तिच्यात आता आमच्या गाद्यांच्या खोळी असतात.

तर हा माणूस अमेरिकेला न जाता अमेरिकेचा इतिहासकार कसा झाला, ते ऐका. हा विद्यार्थी होता तेव्हाची गोष्ट. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला परदेशातून कोणीतरी देणगी पाठवली. सगळ्यांना वाटलं, मोठे ग्रंथ असतील. खोकी उघडली तर आत अमेरिकेतल्या एका आडगावाच्या साप्ताहिकाचे जुने अंक. वर्षानुवर्षांचे, पुठ्ठ्यात बांधलेले. ग्रंथपाल वैतागले. एवढे पुठ्ठे ठेवायचे कुठे? त्यांनी याला बोलावलं आणि सांगितलं, बाबा, चाळून बघ, काही कामाचं असेल ते ठेव, बाकीचं रद्दीत जाऊ दे.

हा चाळायला बसला तो उठलाच नाही. नगरपरिषदेच्या बैठका, हरवलेली मांजरं, कोणाचं कोणाशी लग्न मोडलं, शाळेच्या बसचा मार्ग का बदलला, सगळं वाचून काढलं. त्यातलं एक पानसुद्धा रद्दीत जाऊ दिलं नाही. पदवी त्याच्यावर, डॉक्टरेट त्याच्यावर, नोकरीही त्याच्याच जिवावर. त्या गावात कुठल्या गल्लीत कोण राहायचं, कोणाचं दुकान कधी बुडालं, हे याला तोंडपाठ. आणि आमच्या समोरच्या घरात कोण राहतं विचारा. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो त्या बाईंना घरमालकीण समजून वाकून नमस्कार करायचा. त्या मालकीणबिलकीण नाहीत, त्या निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनीही कधी चूक दुरुस्त केली नाही. नमस्कार कोणाला नको असतो?

एकदा मी विचारलं, "जावईबुवा, एवढं त्या गावाचं वेड, तर एकदा जाऊन का येत नाही? शिष्यवृत्तीही आली होती म्हणे."

"आली होती. तेव्हा बाबा आजारी होते."

"आणि नंतर?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मावशी, गेलो तर तिथे आत्ताचं गाव असेल. ते माझ्या ओळखीचं नाही."

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे भाचीने त्या दिवशी फोन करून चार जणींना कळवलं.

त्याची काम करायची तऱ्हा तर विचारूच नका. चळवळ म्हटली की आपल्याला काय दिसतं? भाषण ठोकणारा पुढारी, मुठी वळलेला जमाव. याला ते काही नको. याचा एकच प्रश्न, खुर्च्या कोणी मांडल्या? त्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सकाळी सकाळी फोन लावायचा, तब्येत विचारायची, नातवंडं विचारायची आणि मग हळूच म्हणायचं, "त्या सभेला खुर्च्या कोणी मांडल्या होत्या, आठवतं का?" पलीकडचा माणूस आधी हसतो. मग आठवायला लागतो. आणि मग तासभर थांबत नाही. जावईबुवांचं म्हणणं असं, की पुढारी येतात आणि जातात, पण जो माणूस सभेच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो आणि नंतर थांबून त्या उचलतो, चळवळ त्याची असते. हे मला लगेच पटलं. आमच्या महिला मंडळाच्या खुर्च्या आजवर मीच मांडत आलेय आणि अध्यक्षीण भलतीच आहे.

वर्गातही तेच. नवीन वर्षाच्या पहिल्या तासाला खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवणार, आणि मुलं आली की सांगणार, "आज आपली सभा आहे. बसा." आणि स्वतः कोपऱ्यात उभा. काही मुलं खुर्ची घेऊन बसतात, काही दुसऱ्यांसाठीही ओढतात, एखादा फक्त हात दाखवून सांगतो, ही इकडे घ्या, ती तिकडे घ्या. मग हा म्हणतो, "झाला पहिला धडा. आता सांगा, यात पुढारी कोण होतं?" मुलं भांडतात, तास संपतो. त्याच्या विभागातले दुसरे एक गृहस्थ आहेत, जुनी नाणी शिकवतात. आम्ही त्यांना नाणेवालेच म्हणतो. त्यांचा वर्ग शेजारी. खुर्च्यांच्या खरखराटाबद्दल ते दर वर्षी तक्रार करतात आणि दर वर्षी जावईबुवा त्यांची मनापासून माफी मागून पुन्हा तेच करतात.

आता मुद्द्याचं. जावईबुवांचं एक पुस्तक आहे, आणि ते गाजलेलं आहे. कुठे गाजलं विचाराल तर, ज्यांना असली पुस्तकं गाजवायची सवय असते त्या लोकांत. पन्नासेक वर्षांपूर्वी त्या गावात दोन चळवळी एकाच वेळी पेटल्या. एक भाडेकरूंची, घरभाडं वाढवू नका म्हणून. दुसरी घरमालकांची, आमच्यावरचा कर कमी करा म्हणून. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण गावात सभेची जागा एकच, चर्चचं तळघर. एका दिवशी यांची सभा, दुसऱ्या दिवशी त्यांची, कधी तर एकामागोमाग एक. जावईबुवांना त्या साप्ताहिकात दोन फोटो सापडले. एकात घरमालकांच्या सभेत पुढे बसलेली एक बाई, टोपीवाली. दुसऱ्यात तीच बाई, तीच टोपी, चर्चच्या दारात उभी, आणि हातात भाडेकरूंचा फलक, 'भाडेवाढ मागे घ्या'.

त्यावरून यांनी मांडलं, की ही बाई एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. तिच्यावर चौथं प्रकरण लिहिलं. साधी माणसं बाजू का बदलतात, कशी बदलतात, असं काय काय त्यात. तेच प्रकरण सगळ्यांनी उचलून धरलं. कुठे कुठे अभ्यासाला लागलं. तो फलकवाला फोटोच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला. आमच्या बैठकीच्या खोलीतही तो आहे. पाहुण्यांना वाटतं, आमची कोणी दूरची नातेवाईक.

आणि मग विभागात प्राध्यापकाचं मोठं पद निघालं. जावईबुवा इतकी वर्षं त्याच्या एक पायरी खाली अडकलेले. निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे ही शेवटची संधी. अर्ज दोघांचे, यांचा आणि नाणेवाल्यांचा. नाणेवाल्यांची पुस्तकं जास्त, यांचं ते एकच, पण त्या एकातलं ते चौथं प्रकरण असं, की निवड समितीवर बाहेरून येणाऱ्या ज्या बाई होत्या, त्या स्वतः ते शिकवत होत्या. भाचीने नवा शर्ट आणला. मुखपृष्ठावरचा फोटो मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवून घेतला, समितीला दाखवायला.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी मटार सोलत बसले होते. जावईबुवा टेबलाशी फोन समोर ठेवून, आवाज मोठा करून. लिहायला हात मोकळा लागतो ना त्यांना. चेहरा असा फुललेला, की मीच विचारलं, "काय हो, लॉटरी लागली?"

"मावशी, ती सापडली. टोपीवाली. जिवंत आहे. चर्चच्या बाईंनी पत्ता काढून दिला."

पलीकडून आवाज आला, म्हातारा पण खणखणीत. माझं इंग्रजी बोलायचं नाही, पण ऐकायचं पक्कं आहे. आधी तब्येत झाली, नातवंडं झाली. मग जावईबुवांनी पेन सरसावून विचारलं, "तुम्ही बाजू बदललीत, तेव्हा घरचे काय म्हणाले?"

"कुठली बाजू?"

"म्हणजे घरमालकांकडून भाडेकरूंकडे गेलात ते."

"मी?" आजीबाई म्हणाल्या. "मी कशाला जाऊ? माझी स्वतःची घरं भाड्याने दिलेली होती."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"पण तुमचा फोटो आहे," जावईबुवा म्हणाले. "चर्चच्या दारात. हातात फलक."

"हां हां, तो. अहो, त्यांची सभा सुटत होती आणि आमची भरायची होती. माझी एक मैत्रीण होती त्यांच्यातली. तिच्या पोराचं नाक वाहत होतं. म्हणाली, जरा हे धर गं. मी धरलं. तेवढ्यात तो फोटोवाला टपकला."

"म्हणजे तुम्ही भाडेकरूंच्या गटात कधीच..."

"कधीच नाही. त्या मैत्रिणीचं भाडं मीच वाढवलं होतं. तिने मला तोंडावर चार शब्द सुनावले आणि मग पोराचं नाक पुसायला रुमालही माझाच घेतला."

जावईबुवांनी पेन खाली ठेवलं. मग इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप आलं, "आणि खुर्च्या कोणी मांडल्या होत्या?"

"त्यांनीच. त्या तशाच सोडून जायच्या आमच्यासाठी. भांडण भाड्याचं होतं, खुर्च्यांनी काय केलं होतं?"

फोन ठेवल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले आणि मटार सोलायला लागले. दाणे टरफलांत टाकत होते आणि टरफलं पातेल्यात. मी नंतर निवडून घेतले.

संध्याकाळी भाची आली. ऐकून कपाळाला हात लावला, आणि मग तिची वकिली सुरू झाली.

"हे बघ, मुलाखत होऊ दे. मग दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती कर. खोटं बोल असं कोण म्हणतंय? फक्त आपण होऊन बोलू नकोस."

"तेच तर," मी म्हटलं. "पन्नास वर्षं त्या बाईने तो फलक धरलाय. आणखी एक आठवडा धरेल."

"आणि त्यांनी त्याच प्रकरणावर विचारलं तर?" जावईबुवा म्हणाले.

"मग सर्वसाधारण काहीतरी बोल. तुम्हा लोकांना येतं की तसं."

जावईबुवा हसले, पण नुसते ओठांनी. आठवडाभर ते नीट जेवले नाहीत. एकदा मला म्हणाले, "मावशी, मला ते पद हवं आहे हो. फार हवं आहे." असं काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मिळेल. तुम्ही फक्त गप्प राहा."

मुलाखतीच्या दिवशी भाचीकडे दाढ काढायचा रोगी होता, त्यामुळे त्यांना वेळेत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. विद्यापीठाची ती जुनी इमारत, लांबलचक व्हरांडा, भिंतीशी बाकडं. नाणेवाले आधीच जाऊन आले होते आणि रुमालाने मान पुसत होते. जावईबुवा पुठ्ठ्यावरचा फोटो काखेत धरून आत गेले. शिपाई चहाचा ट्रे घेऊन सारखा आत-बाहेर करत होता आणि दार काही नीट लागत नव्हतं. मी कान लावला नव्हता. बाकडंच दाराशी होतं, त्याला मी काय करणार?

बाहेरच्या बाईंचा आवाज गोड होता. "सर, तुमचं चौथं प्रकरण माझे विद्यार्थी फार आवडीने वाचतात. त्याबद्दल थोडं सांगा ना."

मी डोळे मिटले. सर्वसाधारण बोला, मनातल्या मनात म्हटलं. जावईबुवा, सर्वसाधारण.

"ते प्रकरण चुकलं आहे," जावईबुवा म्हणाले.

आत कपबशी वाजली. मग त्यांनी सगळं सांगितलं. आजीबाई, मैत्रीण, पोराचं नाक, रुमाल. काही लपवलं नाही.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"मग आजच सांगायला हवं होतं का? म्हणजे, आज?"

"या बाई ते शिकवतात," जावईबुवा म्हणाले. "उद्याही शिकवतील. मुलं ते खरं म्हणून लिहून घेतील."

मी बाकड्यावर बसून होते. राग यायला हवा होता. आला नाही. नाणेवाल्यांनी मात्र मान पुसायचं थांबवलं.

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून पुढचं आत्ताच सांगते. ते पद नाणेवाल्यांना मिळालं. महिनाभराने कळलं. समितीने लिहिलं की उमेदवाराच्या मुख्य संशोधनात मूलभूत दोष आढळला. आढळला म्हणे. त्यांना आढळायला यांनीच दाखवला होता की. भाची त्या दिवशी दवाखान्यातून लवकर आली, आणि दोघं स्वयंपाकघरात उभी होती. मग जावईबुवा म्हणाले, "नाणेवाले आता वरच्या मजल्यावर जातील. खुर्च्या वाजवायला हरकत नाही." भाची हसली आणि रडलीही, मी तिला रुमाल दिला. दुसरी आवृत्ती निघाली, चौथं प्रकरण पार नव्याने लिहून. त्यात आता बाजू बदलणारी बाई नाही. जिचं भाडं वाढवलं तिचाच फलक जरा धरून उभी राहिलेली बाई आहे. लोक म्हणतात, आधीचं जास्त चटपटीत होतं. असेल.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, मुलाखत संपल्यावरचं. जावईबुवा बाहेर आले, चेहरा पांढरा. आम्ही जिन्याकडे निघालो तर मागून टाचांचा आवाज. त्या बाहेरच्या बाई. स्वतःचा एक लेख त्यांनी त्या चौथ्या प्रकरणावर उभा केला होता, असं त्या तणतणत सांगत आल्या. त्यामुळे आजीबाईंचं म्हणणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

"माणसाला पन्नास वर्षांनी सोयीचं तेवढंच आठवतं, सर. हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

"आठवणीवर मी विसंबत नाही," जावईबुवा म्हणाले. "नाव कळल्यावर मी साप्ताहिकाचे पुढचे सगळे अंक पुन्हा पाहिले. शेवटपर्यंत घरमालकांच्या गटाच्या खजिनदार त्याच आहेत."

"तरीही. फोटो बघा ना. दाखवा इकडे." बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "हे हात बघा. दोन्ही हातांनी धरलाय तिने फलक. छातीसमोर, सरळ. दुसऱ्याची वस्तू माणूस अशी धरतो? एका हातात लोंबकळत धरतो. हिने मनापासून धरलाय."

"दुसऱ्याची वस्तूच माणूस दोन्ही हातांनी धरतो," जावईबुवा म्हणाले.

"काहीतरीच."

"पडली तर काय घ्या, म्हणून."

"सर, हे तुम्ही आत्ता सुचलं म्हणून बोलताय."

"असेल."

"देहबोली म्हणून काही असतं की नाही?"

शिपाई ट्रे घेऊन थांबला. व्हरांड्यातली दोनचार मुलंही थांबली. मी म्हटलं, "जावईबुवा, तुमच्या बुटाची नाडी सुटलीये. जिन्यावर पडाल."

त्यांनी खाली पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "बाई, जरा हे धरता का?"

बाईंनी फोटोचा पुठ्ठा घेतला. जावईबुवा खाली बसले आणि सावकाश, अगदी सावकाश नाडी बांधायला लागले. एक बूट झाला, मग दुसऱ्याचीही सोडून पुन्हा बांधली. बाई उभ्या. पुठ्ठा छातीसमोर, सरळ, दोन्ही हातांत घट्ट.

मुलांमधलं कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी खाली आपल्या हातांकडे पाहिलं.

"हा मोठा आहे म्हणून," त्या म्हणाल्या.

"फलकही मोठाच होता," जावईबुवा बुटाशी वाकूनच म्हणाले.

बाईंनी हळूच एक हात काढून घेतला.

"आता काढून काय उपयोग," जावईबुवा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.